शेजारच्या सोसायटीचं झाड आपल्या कंपाउंडवर आलंय, तोडायचा हक्क आहे का?

ताईंनी विचारलंय ते थोडक्यात असं. पार्ले पूर्वेला त्यांची तीन मजली जुनी सोसायटी, १९७० च्या सुमाराची. पूर्वेकडच्या शेजारच्या सोसायटीने बारा-तेरा वर्षांपूर्वी मधल्या कंपाउंड वॉलला अगदी चिकटून, कुंपण म्हणून लावतात त्या फायकसच्या झाडांची रांग लावली, त्याच रांगेत एक सोनमोहर. आता भिंतीला भेग गेलीय, ह्यांच्या बाजूचं ड्रेनेजचं चेंबर दर दोन महिन्यांनी चोकअप होतं, पहिल्या मजल्यावर सकाळचं ऊन यायचं ते बंद झालंय आणि पार्किंगमधल्या गाड्यांवर वर्षभर पिवळा सडा नाहीतर शेंगा. मेंबर म्हणतायत की हद्दीच्या अलीकडचं सगळं आपल्या मालकीचं, फांद्याही तोडू आणि चर खणून मुळंही छाटू, कोणाला विचारायची गरज नाही. ताई कमिटीत खजिनदार आहेत आणि त्यांना हे बरोबर वाटत नाहीये.

ताई, तुम्हाला बरोबर वाटत नाहीये ते योग्यच आहे. मी गेली सव्वीस वर्षं मुंबईत हेच काम करतोय, सोसायट्यांची झाडं बघणं, परमिशन काढून छाटणी करून घेणं, पडायला आलेल्या झाडाचा रिपोर्ट देणं, आणि त्यातला निम्मा वेळ झाडाजवळ जात नाही, दोन कमिट्यांच्या मध्ये उभं राहण्यात जातो. म्हणून आधी थेट उत्तर देतो. आपल्या बाजूला आलंय म्हणून कोयता घेऊन सुरू व्हायचं, असं मुंबईत करता येत नाही. आणि मुळांना तर परमिशन असो नसो, तुमच्या बाजूने अजिबात हात लावू नका, ते का ते खाली सविस्तर सांगतो कारण सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

मेंबर म्हणतात ते अगदी हवेतलं नाहीये. इंग्लंडमधला लेमन विरुद्ध वेब म्हणून १८९४-९५ चा खटला आहे, तिथे ठरलं की शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या हद्दीत आली तर आपल्या जागेत उभं राहून, हद्दीपर्यंत, ती आपण कापू शकतो, आधी कळवायचीही गरज नाही. आपल्याकडे वकील लोक हेच तत्त्व सांगतात आणि कोणीतरी ते अर्धं ऐकून येतं. पण आपल्याकडे त्याच्यावर १९७५ चा झाडांचं संरक्षण आणि जतन करण्याचा कायदा आहे, महाराष्ट्रातल्या शहरी भागासाठीचा, आणि त्यात झाड तोडणं म्हणजे फक्त बुंध्यातून आडवं करणं नाही, कापणं, जाळणं, इजा करणं हे सगळं धरलंय. झाड कोणाचं, जमीन कोणाची, फांदी कोणाच्या गाडीवर, ह्याने काही फरक पडत नाही, महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परमिशन लागतेच, नाहीतर दंड आहे आणि कैदेचीही तरतूद आहे. स्वतःच्या अंगणात स्वतः लावलेल्या आंब्यालाही हेच लागू, मग शेजाऱ्याच्या झाडाचं तर सोडाच. पार्ल्यात जुन्या बंगल्यांच्या वेळचे आंबे, फणस अजून उभे आहेत म्हणून हेही सांगून ठेवतो की २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज धरलं जातं, त्याला हात लावणं आणखी कठीण. तुमचा सोनमोहर त्यात बसत नाही. आणि फळांचं बरेच जण विचारतात, तर फांदी तुमच्याकडे झुकली म्हणून आंबे तुमचे होत नाहीत, ते झाड ज्याचं त्याचेच.

आता मुळांचं. मुलुंडला एका सोसायटीत मला बोलावलं होतं, काही वर्षांपूर्वी, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, झाड पडल्यावर. सोनमोहरच होता, चांगला दीड फूट जाडीचा बुंधा, वरून हिरवागार, कुठे पोखरलेलं नाही, बुरशी नाही. रात्री पहिला जोराचा पाऊस वारा झाला आणि मुळासकट पूर्वेला आडवा, त्यांच्याच पार्किंगमध्ये, तीन गाड्या खाली. माणूस कोणी नव्हता हे नशीब. सगळे म्हणत होते वादळाने पडलं. मी भिंतीपलीकडे गेलो, पश्चिमेकडच्या सोसायटीत, तर तिथे भिंतीला लागून नवीन पेव्हर ब्लॉक घातलेले, नवेकोरे, लाल. वॉचमनला विचारलं हे कधी झालं, म्हणाला मार्चमध्ये पाण्याची लाईन टाकली. दोन ब्लॉक उचलले आणि हाताने माती बाजूला केली तर माझ्या मनगटाएवढी जाड मुळं, एका रेषेत, ब्रेकरने सरळ छाटलेली, कापलेली टोकं काळी पडलेली. एक नाही, सहा. झाडाच्या त्या बाजूची सगळी पकडच गेली होती आणि वरून झाड तीन महिने हिरवंगार उभं होतं, कोणाला कळायचं कारणच नव्हतं.

हे नीट समजून घ्या कारण तुमची दिशाही तीच आहे. मुंबईत पावसाळ्यातला वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूची मुळं दोरासारखी ताणली जातात आणि झाडाला धरून ठेवतात, तंबूच्या दोऱ्या असतात तसं. तुमची सोसायटी झाडाच्या पश्चिमेला आहे, म्हणजे तुमच्या कंपाउंडखाली जी मुळं आलीयत तीच त्या झाडाच्या वाऱ्याकडच्या दोऱ्या आहेत. तुम्ही भिंतीलगत चर खणलात तर झाड पडणार ते बहुतेक त्यांच्या बाजूला, त्यांच्या माणसांवर, आणि तोपर्यंत जी जबाबदारी झाडाच्या मालकाची होती ती मुळं कापणाऱ्याची होते. मोठी मुळं सगळी पाताळात जातात असं लोकांना वाटतं पण तसं नसतं, बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच आडवी पसरतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. माझा साधा हिशोब असा की बुंध्याच्या जाडीच्या पाचपट अंतराच्या आत मूळ तोडायचं नाही, अगदीच नाइलाज असेल तर तिपटीच्या आत तर कधीच नाही, आणि भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या झाडाच्या बाबतीत तुमचा चर त्याच्या आतच येणार.

मग भिंत आणि चेंबर ह्यांचं काय करायचं. दोन्ही प्रश्न खरे आहेत, फक्त दोन्ही झाडामुळेच झालेत का ते आधी बघायला लागेल.

भिंतीची भेग मी फोटोत बघितली पण फोटोवरून ठरवू नका, तुम्ही स्वतः जाऊन बघा. बुंध्याच्या अगदी समोर उभी किंवा जिन्यासारखी पायऱ्या-पायऱ्यांनी जाणारी भेग असेल, आणि तिथेच भिंत थोडी उचललेली वाटत असेल, तर ते झाडाचं काम, मुळाने किंवा बुंध्याने ढकललंय. पण भेग आडवी असेल, दोन विटा-तीन विटांच्या उंचीवरून लांबपर्यंत गेलेली, आणि भिंत तुमच्या बाजूला पोट काढून झुकलेली असेल, तर ते बहुतेक मातीच्या आणि पाण्याच्या दाबाने. त्यांच्या बाजूची जमीन तुमच्यापेक्षा उंच आहे का ते बघा, भराव टाकून वर पेव्हर ब्लॉक घातले असतील तर ती नऊ इंची विटांची भिंत मातीचा लोड धरायला बांधलेलीच नव्हती, आणि खाली पाणी जायला भोकं ठेवलेली नसली की पावसाळ्यात मागे पाणी तुंबून भिंत ढकलली जाते. अशा वेळी झाड तोडलं तरी भिंत पडायची ती पडतेच, मी बघितलंय. एक स्वस्तातला उपाय सांगतो, भेगेवर आडवी पीओपीची हातभर पट्टी लावा, दोन-तीन ठिकाणी, त्यावर पेनाने तारीख लिहा आणि फोटो काढून ठेवा. पट्टी तडकली तर भिंत अजून हलतेय, नाही तडकली तर ती जुनी भेग आहे आणि घाई नाही.

खरोखर मूळच निघालं तर मूळ तोडायचं नाही, भिंत बदलायची. तेवढा चार-पाच फुटांचा तुकडा उतरवायचा, मुळाच्या दोन्ही बाजूंना लांब छोटे फुटिंग, म्हणजे पाये, घ्यायचे आणि मधे मुळाच्या वरून आरसीसीचा बीम टाकायचा, खाली वाढायला जागा सोडून, वरती भिंत परत उभी. दरवाजावर लिंटेल टाकतो तसंच. गवंड्याला नीट समजावलं तर दोन-चार दिवसांचं काम आहे आणि झाडही राहतं, भिंतही. अर्थात भिंत कोणाची हे आधी बघावं लागेल. लोक म्हणतात पिलर ज्याच्या बाजूला बाहेर आलेत त्याची भिंत, पण तो फक्त अंदाज, पुरावा नाही. प्रॉपर्टी कार्ड आणि जुना मंजूर नकाशा काढा, आणि वाद असेलच तर सिटी सर्व्हेकडून मोजणी करून घ्या. आणि एक, तुमची किंवा त्यांची कन्व्हेयन्स झालेली नसेल तर जमीन अजून जुन्या मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर असणार, मग झाडाच्या अर्जावर मालक म्हणून सही कोणाची ह्यावरूनच काम अडतं. हे आधी बघून ठेवा, नंतर महिने जातात.

चेंबरचं सांगतो. १९७० च्या बिल्डिंगला ड्रेनेज लाईन बहुतेक चिनी मातीच्या पाइपांची असते, दोन-दोन फुटांचे तुकडे आणि जोडाला सिमेंट. मुळं धड पाइप फोडून आत जात नाहीत. जोड आधी सैल होतो, त्यातून पाणी झिरपतं, त्या ओलीला केसासारखी बारीक मुळं येतात आणि मग आत शिरून झाडूसारखा गुच्छ करतात, त्यात कागद, तेल सगळं अडकतं. म्हणजे मूळ हे नंतर आलेलं पाहुणं आहे, आजार पाइपाचा आहे. तुम्ही दर दोन महिन्यांनी रॉड मारून घेता तो पैसा वाया जातोय. एकदा लाईनमध्ये कॅमेरा घालून बघून घ्या, कुठला जोड गेलाय ते दिसेल, तेवढी लाईन काढून नवीन पीव्हीसी टाका, जोड नीट सील करा. पण नवी लाईन त्याच चरातून, झाडाच्या बुंध्याशेजारून नेऊ नका, तुमच्या बिल्डिंगकडे जेवढी सरकवता येईल तेवढी सरकवा, आणि वाटेत जाड मूळ लागलं तर ब्रेकर बंद करून हाताने माती काढायची आणि पाइप मुळाच्या खालून सरकवायचा. कॉन्ट्रॅक्टर कुरकुर करेल, करू दे, ऑर्डरमध्येच लिहून घ्या.

फायकस हे मात्र खरं दुखणं आहे आणि ह्या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे. नर्सरीत ते गोंडस छाटलेलं, कमरेएवढं मिळतं, चकचकीत पानं, स्वस्त, लवकर दाट होतं, म्हणून सगळे कंपाउंडला लावतात. पण ते वडाच्या-पिंपळाच्या घराण्यातलं झाड आहे, झुडूप नाही. वर्षातून तीन-चार वेळा छाटलं तर कुंपण म्हणून राहतं, एक दीड वर्ष सोडलं की झाड व्हायला लागतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माळी येत नव्हते, तेव्हाच अर्ध्या मुंबईतली फायकसची कुंपणं हाताबाहेर गेली आणि परत खाली आलीच नाहीत, तुमच्या इथेही बहुतेक तेच झालंय. भिंतीपासून फूटभरावर फायकसची रांग म्हणजे पुढच्या दहा वर्षांत भिंत जाणार हे मी लिहून देईन. म्हणून त्यांच्याकडे मागायचं ते हे मागा, की फायकसची रांग परमिशन घेऊन सात फुटांवर आणा आणि तिथेच ठेवा, किंवा टप्प्याटप्प्याने काढून भिंतीपासून लांब दुसरं काहीतरी लावा. सोनमोहर काढा असं मागू नका. ते मागितलंत की समोरचे झाडप्रेमी होतात आणि तुम्ही झाडाचे शत्रू, आणि फायकसचा मुद्दा कायमचा मागे पडतो. अशी कितीतरी भांडणं मी बघितलीत.

सोनमोहराची छाटणी करायची, पण कशी ते कॉन्ट्रॅक्टरवर सोडू नका. नेहमी काय होतं, दोरावर चढलेला माणूस तुमच्या बाजूच्या सगळ्या फांद्या भिंतीच्या रेषेत उडवतो, वरून शेंडाही मारतो, ट्रक भरून जातो आणि सगळ्यांना वाटतं मस्त काम झालं. झाड एका बाजूला टकलं होतं, सगळं वजन दुसऱ्या बाजूला जातं, आणि छाटलेल्या खुंटातून जे नवीन फुटवे येतात ते नुसते वरच्या सालीला धरलेले असतात, तीन-चार वर्षांनी जाड झाले की वाऱ्याने तेच तुटून खाली येतात, आणि ते तुमच्याच गाड्यांवर. म्हणून दोन्ही बाजूंनी सारखी, एका वेळी एकूण पाव भागापेक्षा जास्त नाही, शेंडा मारायचा नाही, वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आधी. फांदी जिथे खोडाला जोडलेली असते तिथे थोडा फुगवटा असतो, कॉलरसारखा, त्याच्या लगेच बाहेर कापायचं, खोडाला घासून नाही आणि हातभर खुंटही ठेवायचा नाही. जाड फांदी असेल तर आधी खालून थोडा काप, मग थोडं पुढे वरून, फांदी खाली गेली की मग कॉलरजवळ शेवटचा काप, म्हणजे साल सोलून खाली येत नाही. काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करा, एप्रिलपासून पक्षी घरटी बांधतात, आणि संरक्षित पक्ष्याच्या घरट्यात अंडी असताना फांदी पाडली तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो वेगळाच गुन्हा. शिवाय मेमध्ये सगळ्या मुंबईला एकदमच ट्रिमिंग आठवतं, चांगली माणसं मिळत नाहीत.

अर्ज कुठे करायचा तर तुमच्या वॉर्ड ऑफिसच्या उद्यान खात्यात. सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र, झाडाचे फोटो, कुठे आहे त्याचा साधा नकाशा, मालकाची संमती. त्यांचा माणूस येऊन बघून जातो, मग परमिशन. एक लक्षात घ्या की सोसायटीच्या आवारातलं झाड म्हणजे खर्च सोसायटीचा, महापालिका रस्त्यावरच्या झाडांचं बघते. मागच्या वृक्षगणनेत मुंबईत २९ लाख ७५ हजारांच्या आसपास झाडं मोजली गेली आणि त्यातली निम्म्याहून जास्त खासगी आवारातली आहेत, म्हणजे ह्या शहरातली बहुतेक सावली सोसायट्यांच्या कमिट्यांच्या हातात आहे, म्हणून मला ह्या भांडणांचं इतकं लागतं. शक्य असेल तर अर्ज दोन्ही सोसायट्यांच्या लेटरहेडवर एकत्र करा. दोघांच्या सह्या असल्या की पाहणीला आलेला अधिकारीही निर्धास्त असतो आणि काम लवकर होतं.

पण एकत्र अर्ज होण्यासाठी आधी बोलणं व्हायला पाहिजे आणि तुमच्या लिहिण्यावरून वाटतंय की गेली दोन वर्षं फक्त सेक्रेटरी ते सेक्रेटरी व्हॉट्सअ‍ॅप चालू आहे. ते थांबवा. रविवारी सकाळी नऊ-साडेनऊला, दोन्हीकडच्या दोन-दोन माणसांनी भिंतीपाशी भेटा, ऑफिसमध्ये नाही. त्यांना तुमच्या बाजूला आणा, चेंबरचं झाकण उघडून दाखवा, पहिल्या मजल्यावरच्या आजींच्या खोलीत नेऊन अंधार दाखवा. त्यांच्या बाजूने त्यांना तुमच्या बाजूचं काहीच दिसत नाही हो, त्यांना फक्त हिरवी भिंत दिसते आणि तुमच्या लोकांची ओरड ऐकू येते. आणि त्यांनी ती रांग का लावली तेही विचारा. गोरेगावला एका ठिकाणी असंच विचारलं तेव्हा कळलं की भिंतीपलीकडच्या पार्किंगचे हेडलाईट रात्री तळमजल्यावरच्या काकूंच्या बेडरूममध्ये थेट यायचे म्हणून त्यांनी झाडी लावली होती. इकडच्यांनी गाड्या नाक उलटं करून लावायचं कबूल केलं आणि झाडी पाच फुटांवर आली. आठ वर्षांचं भांडण. जिथे तक्रार नुसत्या पानांची असते तिथे तर गच्चीच्या पाइपाच्या तोंडाला स्टीलची जाळी बसवून आणि वर्षाला दोन ट्रिमिंगचा खर्च निम्मा-निम्मा करून विषय मिटतो. जे ठरेल ते एका पानावर लिहा, उंची किती, छाटणी कोणत्या महिन्यात, खर्च कोणाचा, आणि दोन्ही कमिट्यांच्या मीटिंगमध्ये नोंदवून घ्या, कारण दोन वर्षांनी दोन्हीकडची कमिटी बदललेली असते आणि परत पहिल्यापासून सुरू होतं.

नाहीच ऐकलं तर पत्र द्या, स्पीड पोस्टाने किंवा पोच घेऊन, फोटो जोडून, काय धोका आहे ते साध्या शब्दांत. ह्या पत्राची किंमत लोकांना कळत नाही. झाड कधी पडलं तर मालक म्हणतो देवाची करणी, वादळ होतं, आम्हाला काय माहीत. पण आधी पोच असलेलं पत्र असेल तर त्याला माहीत होतं हे सिद्ध होतं आणि मग निष्काळजीपणा नाकारणं अवघड जातं. झाड खरंच पडायला आलं असेल, म्हणजे नव्याने झुकलंय, बुंध्याजवळची माती उचलली गेलीय, तडा गेलाय, तर वाट बघू नका, महापालिकेच्या १९१६ ह्या नंबरला फोन करा आणि वॉर्डलाही लेखी द्या. पडण्याच्या बेतात असलेल्या झाडासाठी कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडेही जाता येतं, पूर्वी सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम १३३ होतं, १ जुलै २०२४ पासून ते नवीन नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ झालंय. बाकी भिंत, नुकसानभरपाई, मनाई हुकूम हे दिवाणी कोर्टाचं काम. कोऑपरेटिव्ह कोर्ट ह्यात उपयोगी नाही, ते सोसायटी आणि तिच्याच मेंबरांमधल्या वादांसाठी, सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली. तुमच्याच सोसायटीतल्या तळमजल्यावाल्याने कॉमन जागेत लावलेल्या झाडाचं भांडण असतं तर तिथे गेला असता. दिवाणी दाव्याला मी सहसा नको म्हणतो, निकाल लागेपर्यंत झाड दुप्पट होतं.

उजेडाचं मेंबर काढतील म्हणून सांगतो, १८८२ च्या ईझमेंट (सुविधाधिकार) कायद्यात वीस वर्षं अखंड मिळालेल्या उजेडाचा हक्क आहे, पण थोडा अंधार झाला एवढ्यावर कोर्ट हलत नाही, नुकसान मोठं दाखवावं लागतं. फायकस सात फुटांवर आलं की तुमचा पहिला मजला तसाही मोकळा होईल.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. कोणीतरी नक्की म्हणेल की रात्री बुंध्याला भोक पाडून अ‍ॅसिड घाला, आपोआप वाळेल. ते करू देऊ नका आणि करणाऱ्याला कमिटीने पाठीशी घालू नका. तो गुन्हा तर आहेच, पण वाळलेलं झाड आतून कुजतं आणि कधी, कुठे, कोणावर पडेल ते कोणी सांगू शकत नाही, आणि तुमच्या सोसायटीतली मुलं त्याच भिंतीपाशी खेळतात. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं तेव्हा मी दिवसभर फिरत होतो, पडलेल्यांत कितीतरी झाडांच्या बुंध्याभोवती काँक्रीट गळ्यापर्यंत ओतलेलं किंवा एका बाजूची मुळं खणलेली होती. त्यांच्या कमिटीला हेही सांगा की सोनमोहराच्या बुंध्याभोवती निदान तीन फूट पेव्हर काढून माती मोकळी ठेवा, त्याने झाडही टिकेल आणि पाणी भिंतीमागे तुंबण्याऐवजी खाली जिरेल. आणि तोपर्यंत त्या बाजूला गाडी लावणाऱ्यांनी आपला इन्शुरन्स बघून घ्या, नुसता थर्ड पार्टी असेल तर झाड पडल्याचं काही मिळत नाही.

फायकस काढायला ते तयार झाले तर जागा रिकामी ठेवू नका, नाहीतर परत काहीतरी नर्सरीतून येईल. भिंतीपासून तीन फूट सोडून तगर, जास्वंद, कुंती, असली झुडपं लावा, आडोसाही होतो, फुलंही दोन्हीकडच्या देवांना. झाडच हवं असेल तर चाफ्यासारखं लहान झाडही आठ-दहा फूट लांब, मोठं झाड पंधरा-वीस फूट, हा माझा कामातला हिशोब आहे. एवढी जागा नसेल तर भिंतीजवळ मोठं झाड लावायचंच नाही. त्यांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जायचं चालू आहे का तेही विचारा, पार्ल्यात आता बहुतेकांचं चालूच आहे. तसं असेल तर बेसमेंटची खोदाई भिंतीलगत येणार आणि तेव्हा सोनमोहराची त्या बाजूची मुळं जाणार, ते आत्ताच त्यांच्या आर्किटेक्टच्या कानावर घालायला लागेल.

पीओपीच्या पट्ट्या ह्याच आठवड्यात लावा. भिंतीचा फोटो लांबून एक आणि भेगेचा जवळून एक, बाजूला फूटपट्टी धरून, आणि त्यांच्या बाजूची जमीन तुमच्यापेक्षा किती इंच वर आहे तो आकडा, एवढं पाठवा. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये त्याच जागेवरून परत फोटो काढा, मग भिंत उतरवायची की नुसती भोकं पाडून पाण्याला वाट करून द्यायची ते ठरवू.